शेळीचा साक्षीदार

फकिरा खुर्चीतून अर्धा उठला, तेवढ्यात सांडूनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरून त्याला खाली बसवलं.

"कुठं निघाला रं? आत्ता तर तुझं कुवेत आलं भाषणात."

व्यासपीठावर वैजनाथराव सेलूकर बोलत होते. परराष्ट्र खात्यात सारी उमर घालवून निवृत्त झालेला माणूस. विषय होता 'पेटलेलं आखात आणि आपण'. तेलाचे भाव, आरमारं, फिसकटलेले तह हे सगळं सांगून झालं आणि आता ते नव्वद सालच्या ऑगस्टात शिरले होते.

"त्या वाळवंटात मी स्वतः उभा होतो," ते म्हणाले आणि पाण्याचा घोट घेऊन थांबले. सभागृहात पंख्यांचा तेवढा आवाज उरला.

आता त्या वाळवंटात फकिराही होता. पाचोडच्या बाजारात कुणालाही विचारा. शेखाची गाडी चालवणारा फकिरा. लढाई पेटल्यावर माणसांनी ठासून भरलेली बस, मायदेशीची विमानं सुटायची त्या अम्मानपर्यंत हाकत नेणारा फकिरा. बसमध्ये पोरांच्या दुधासाठी एक शेळी होती. सरहद्दीवरचा शिपाई जनावर काही पुढं सोडेना. मग फकिरानं शेळीला शाल पांघरली, खिडकीशी नीट बसवली आणि सांगितलं, आमची म्हातारी आहे, आजारी आहे. शिपायानं शेळीला अदबीनं सलाम ठोकला. त्या सलामावर पाचोडात अजून चहा मिळतो.

खरं एवढंच होतं, की मुंबईच्या एजंटानं फकिराला विमानतळाऐवजी भिवंडीच्या एका गोदामात नेऊन सोडलं होतं. शेळी जन्मली ती त्या गोदामाच्या पत्र्याखाली, डास मारता मारता. कुवेतला गेलेली माणसं परत येताहेत असं पेपरात वाचून फकिराही घोंगडी खांद्यावर टाकून गावी आला. गावानं हार घातला. हार गळ्यात पडल्यावर माणूस काय बोलणार?

हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. सांडूला मात्र पहिल्यापासून वास येत होता, म्हणून तर तो आज एसटी धरून मुद्दाम आला होता. पण फकिराला भय सांडूचं नव्हतं. भय होतं अपेक्षाचं. इथं शहरात मुकुंदवाडीला राहणाऱ्या त्याच्या मुलाची ही पोर लहानपणी शेळी सरहद्दीपलीकडं गेल्याशिवाय झोपायची नाही. त्याच ओढीनं ती राज्यशास्त्राला गेली, आणि आज या व्याख्यानमालेचं सूत्रसंचालन करत व्यासपीठाच्या कडेला उभी होती. मधूनच पहिल्या रांगेतल्या आबाकडं बघून हसत होती.

टाळ्या वाजल्या. प्रश्नोत्तरं सुरू झाली.

"सोड सांडू. लघवीला लागली."

"धर की जरा. अम्मानपस्तोर धरलीच व्हती न्हवं?"

अपेक्षा माईक घेऊन पहिल्या रांगेपाशी उतरली. "सर, आज आपल्यात आणखी एक साक्षीदार आहेत. माझे आबा. त्या दिवसांत ते कुवेतलाच होते. आबा, उभे राहा ना."

फकिरा उभा राहिला. सेलूकरांचा ग्लासकडं गेलेला हात मध्येच थांबला. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला.

"असं? कुठल्या वाटेनं आलात आपण?"

"अम्मानच्या," फकिरा म्हणाला.

तेवढ्यात सांडूनं अपेक्षाच्या हातातला माईक ओढला. "सायेब, म्या सांडू, पाचोडचा. एकच इचारतो. ह्यो सांगतो, बसमधी शेळी व्हती, तिला शाल पांघरून, आई म्हणून सरहद्द पार केली. तुमी तर तिथंच व्हते. खरं हाय का नाय?"

सभागृह खदखदून हसलं. मग हसू विरलं आणि सगळ्या माना व्यासपीठाकडं वळल्या. अपेक्षाही हसली होती, पण आता तिनं दोन्ही हातांनी ओढणीचं टोक पिळून धरलं होतं. फकिरा आपल्या चपलांकडं बघत राहिला. वरून येणारा शब्द झेलायचा कसा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

सेलूकर पाण्याचा घोट घेऊन थांबले.

फकिरानं मान वर केली. शेळीची गोष्ट सांगताना असा घोट तोही घ्यायचा. अगदी याच ठिकाणी.

"पांढरी होती," सेलूकर सावकाश म्हणाले. "कानावर काळा ठिपका. मी त्या चौकीवरच होतो. शिपाई खिडकीशी आला आणि नेमकी ती ओरडली. काळजाचं पाणी झालं माझ्या. मी पुढं होऊन म्हटलं, म्हातारीला खोकला आहे, लवकर सोडा."

टाळ्या थांबेनात. सांडू मटकन खाली बसला. फकिराच्या अंगावर मात्र काटा आला. शेळीचा रंग त्यानं कधी कुणाला सांगितलाच नव्हता. आणि खोकला! एवढ्या वर्षांत त्याला खोकला सुचला नव्हता.

कार्यक्रम संपताना सेलूकरांनी आपल्या सत्काराची शाल उचलली आणि स्वतः खाली येऊन फकिराच्या खांद्यांवर घातली. मोबाईल वर झाले. शाल सारखी करता करता सेलूकर त्याच्या कानाशी वाकले.

"परवा जालन्यात हेच बोलायचंय. म्हातारीला पुढं कुठं उतरवलं?"

फकिरानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. मग शेजारी डोळे भरून उभ्या असलेल्या अपेक्षाकडं.

"इसरले व्हय, सायेब?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "अम्मानला, इमानाच्या पायरीशी. हात धरून तुमीच तर वर चढवली तिला."

सेलूकरांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"हो," ते म्हणाले. "थकली होती फार."

फकिरानं शाल कानांवरून ओढून घेतली आणि फोटोसाठी हलायचं नाही म्हणून श्वास रोखून उभा राहिला.