एकतीस जुलैची मिठी

पोर्ट हॅलरनच्या आमच्या बेसबॉल संघाने सलग नऊ हंगाम गुणतक्त्याच्या तळाशी काढले होते. त्यांपैकी शेवटची पाच वर्षे हेतुपूर्वक होती. मालकांनी नावाजलेले सगळे खेळाडू इतर संघांना देऊन त्यांच्या बदल्यात कोवळी मुले घेतली आणि शहराला सांगितले, तीन वर्षे आम्हाला काही विचारू नका. शहराने पाच वर्षे विचारले नाही. मग या उन्हाळ्यात, कोणाच्याही आराखड्यात नसताना, संघ जिंकू लागला. जुलै संपत आला तेव्हा पहिल्या क्रमांकाशी आमचे अंतर अवघ्या दोन सामन्यांचे उरले होते, आणि मी दाढी करून घ्यायला गेलो की न्हावी वस्तरा हवेत धरून मला एकच प्रश्न विचारी: "पिचर कधी आणताय?"

प्रश्न रास्त होता. ऑक्टोबरपर्यंत टिकायचे तर चेंडू फेकणारा एक अनुभवी, भरवशाचा माणूस हवा होता, आणि असा माणूस कॅल्डर सिटीच्या संघाकडे होता: रॅमसे डॉयल, वय चौतीस. त्याचा करार शरद ऋतूत संपणार होता, म्हणजे तो आमच्याकडे जेमतेम तीन महिने राहिला असता. त्याच्या मोबदल्यात कॅल्डर सिटीला एकच खेळाडू हवा होता: कोल्बी ट्रेडवे, वय एकवीस, डावखुरा, आमच्या खालच्या श्रेणीच्या लिंडन फेरी संघातला पिचर. तो पुढची किमान सात वर्षे आमचा होता.

खेळाडूंची अदलाबदल करण्याची मुदत एकतीस जुलैला संध्याकाळी पाच वाजता संपते. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत ज्याचा खेळाडू त्याच्याकडे.

मी आर्लन व्राबेल, या संघासाठी नवे खेळाडू हेरणारा पारखी. ट्रेडवे सतरा वर्षांचा असताना, मक्याच्या शेताला लागून असलेल्या एका शाळेच्या मैदानावर, मीच त्याला प्रथम पाहिले होते. तांत्रिक महाविद्यालयात यंत्ररेखन शिकलो असल्यामुळे चौकोनी रेघांच्या वहीत मापे लिहून ठेवण्याची सवय मला आहे, आणि त्या दिवसापासून त्याने फेकलेल्या प्रत्येक चेंडूची नोंद माझ्याकडे होती. त्या सकाळी आमची जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडूंचे व्यवहार पाहणारी, रोवेना हिक्स हिचा फोन आला.

"आर्लन, तुम्ही लिंडन फेरीला निघालात ना?"

"गाडीतच आहे."

"ट्रेडवे आज तीनला उतरतोय. कॅल्डरचा माणूसही तिथे येईल, शेवटचं बघून घ्यायला. मालक म्हणतात, देऊन टाका. कोच म्हणतात, देऊन टाका. माझी आईसुद्धा म्हणते, देऊन टाक. मला मात्र तुमचं ऐकायचंय. साडेचारपर्यंत सांगा, हो किंवा नाही. तुम्ही म्हणाल तेच करीन."

"आणि चुकलो तर?"

"तर तुम्ही निवृत्त होताय आणि मला नोकरी शोधावी लागेल. म्हणजे माझंच जास्त नुकसान."

तो माझा शेवटचा हंगाम होता, हे तिला ठाऊक होते. एकतीस वर्षांत आम्ही अजिंक्यपद पाहिले नव्हते, आणि ते पाहून घरी जावे अशी माझी इच्छा होती. म्हणूनच माझा स्वतःच्या निर्णयावर विश्वास नव्हता. ज्याला स्वतःलाच घाई झाली आहे त्याने भविष्याचे मोजमाप करू नये, असे माझे मत होते. आणि नेमके तेच काम माझ्यावर आले होते.

लिंडन फेरीचे मैदान लहान आहे. पारख्यांच्या खुर्च्या फलंदाजाच्या मागे, जाळीच्या आडोशाला. कॅल्डर सिटीचा बर्ट काझमारेक आधीच येऊन बसला होता. आम्ही चाळीस वर्षे शेजारी बसून एकमेकांपासून वह्या लपवत आलो आहोत.

"ये म्हाताऱ्या, बस," तो सूर्यफुलाच्या बियांची टरफले कागदी पेल्यात थुंकत म्हणाला. "तुझ्या पोराला न्यायला आलोय. हुंड्याचं बघ."

"अजून दिलेला नाही."

"पाचला देशील. तुझ्या चेहऱ्यावर लिहिलंय. आयुष्यात तुला एक गोष्ट लपवता आली नाही, म्हणून तर पत्त्यांमध्ये तू मला आवडतोस."

ट्रेडवे उतरला, आणि मी वहीत माझे मत लिहिण्यासाठी सोडलेला चौकोन कोराच राहिला. त्या दिवशी तो असा फेकत होता की हातातला वेगमापक मी दोनदा झटकून पाहिला. त्याचा वेग वाढला होता, पण मला खरे नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे: समोर बसून चेंडू झेलणारा कॅचर येरिक पाउलिनो हातमोजा जिथे धरी, चेंडू तिथेच जाऊन बसे. पाउलिनोला तो हलवावा लागत नव्हता. बारा फलंदाज आले आणि बाराही परत गेले. प्रत्येक फलंदाज बाद झाला की पाउलिनो पिचरकडे बोट दाखवी, जणू सगळे काम त्या एकट्याचेच.

"अरे देवा," बर्ट पुटपुटला. टरफले थुंकायचे त्याला भान राहिले नव्हते.

चार वाजून पाच मिनिटांनी चौथा डाव संपला, तेव्हा माझे मत ठरत आले होते. नाही म्हणायचे. असा हात तीन महिन्यांसाठी विकायचा नाही. न्हाव्याला काय सांगायचे ते नंतर पाहू.

आमचे फलंदाज खेळत होते, आणि माझे लक्ष डगआउटकडे, म्हणजे खेळाडू बसतात त्या खोलगट बाकांकडे होते. लिंडन फेरीचा मॅनेजर गस लिंडक्विस्ट ट्रेडवेजवळ गेला, त्याच्या कानाशी वाकला आणि काहीतरी बोलला. ट्रेडवेचा चेहरा पांढरा पडला. मग पाउलिनोने त्याला मिठी मारली आणि जमिनीवरून उचलले. दुसरा उठला, त्याने मिठी मारली. तिसरा उठला. पाहता पाहता सगळा संघ रांगेत उभा राहिला, आणि ट्रेडवे एकेकाच्या गळ्यात पडत, बॅग खांद्याला लावून, आतल्या बोळात दिसेनासा झाला.

एकतीस जुलैला, सामना चालू असताना, डगआउटमध्ये मिठ्या सुरू झाल्या की त्याचा अर्थ एकच असतो. खेळाडू दुसऱ्या संघाला दिला गेला आहे. कोणाला विचारावे लागत नाही, आणि कोणी सांगत नाही. प्रेक्षकांत शेकडो फोन वर झाले. मागच्या रांगेतली एक बाई नवऱ्याला म्हणाली, "गेला आपला कोल्बी."

 साडेचारला वीस मिनिटे होती. रोवेनाने माझी वाट पाहिली नव्हती.

"कोणाला दिला?" बर्टने माझा दंड धरला. "आर्लन, आम्हाला नाही, मला माहीत असतं. मग कोणाला?"

"मला ठाऊक नाही."

तो माझ्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहत राहिला. तिथे जे होते ते खरेच होते. "तुला विचारलंसुद्धा नाही," तो हळूच म्हणाला. "चाळीस वर्षं झिजलास आणि तुला विचारलं नाही. कसल्या लोकांसाठी काम करतोस रे." मग फोन कानाला लावत तो लिंबू सरबताच्या गाड्याकडे जवळजवळ धावत गेला. बर्टला धावताना मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

मी रोवेनाला फोन लावला. व्यग्र. पुन्हा लावला. व्यग्र. मग मी पायऱ्या उतरून डगआउटच्या कठड्यापाशी गेलो आणि वाकून म्हणालो, "गस, कोल्बी कुठे पाठवलास?"

गसने च्युइंगगम चघळणे थांबवले. "कुठे म्हणजे? दवाखान्यात. बायकोला कळा सुरू झाल्यात. सासूचा फोन आला, तीन आठवडे लवकर. तो इतका घाबरला होता की खिळ्यांचे बूट घालूनच गाडीत बसायला निघाला."

"आणि मिठ्या?"

"बाप होतोय माणूस. मग काय, पावती द्यायची?"

मी कठडा धरून उभा राहिलो आणि मला हसू आवरेना. गसला वाटले असावे की मला ऊन लागले, कारण त्याने एकाला पाणी आणायला सांगितले. तेवढ्यात माझा फोन वाजला. रोवेना.

"आर्लन, तिथे काय चाललंय? कॅल्डरचा फोन आला. मला म्हणाले, ट्रेडवे गेला हे कळलंय, आता चिडण्यात अर्थ नाही, डॉयल आम्हाला ठेवायचा नाहीये, पाच वाजता तो हातात उरला तर फुकट जाईल, तेव्हा पाउलिनो द्या आणि न्या. तुमचं उत्तर यायचं होतं, म्हणून मी म्हटलं, ट्रेडवे नाही देता येणार. ते म्हणाले, माहीत आहे. ट्रेडवे गेलाय कुठे?"

"प्रसूतिगृहात."

 मग ती इतक्या मोठ्याने हसली की मी फोन कानापासून दूर धरला.

"मी खोटं बोलले का हो?" तिने धापा टाकत विचारले.

"तू नाही म्हणालीस. मीही नाहीच म्हणणार होतो. ट्रेडवे देणार नाही, हे खरंच आहे."

"बरं." तिचा आवाज बदलला. "मग आता दुसरा प्रश्न. पाउलिनो. हो की नाही? घड्याळात चार एकतीस झालेत."

मी वर पाहिले. आमचा संघ पुन्हा मैदानात उतरत होता. नवा पिचर घाबरलेला होता. पाउलिनो त्याच्याजवळ चालत गेला, काहीतरी बोलला, आणि तो हसू लागला. मी वही उघडली. पाउलिनोच्या पानावर फटक्यांची सरासरी होती, फेकीचा वेग होता, गुडघ्यांविषयी एक शंका होती. शेरा होता: चांगला, विशेष नाही. ट्रेडवेच्या पानांकडे वळलो. त्याचे उत्तम दिवस मी लाल पेन्सिलीने खुणावले होते. एकूण अकरा. समोर कॅचर कोण, त्याचा एक बारीक रकाना होता. अकराच्या अकरा ठिकाणी पाउलिनो. मी तो रकाना दोन वर्षे भरत होतो आणि एकदाही वाचला नव्हता.

"आर्लन?"

"त्याची किंमत माझ्या वहीत लिहिली आहे त्यापेक्षा जास्त आहे," मी म्हणालो. "किती जास्त, ते मला सांगता येणार नाही. कोल्बीला पहिले काही महिने जड जातील."

"म्हणजे नाही?"

मला न्हाव्याचा हवेत धरलेला वस्तरा आठवला, आणि पाच वर्षे काही न विचारणारे शहर. थांबा असे आपण लोकांना किती वेळा सांगू शकतो, याचेही मोजमाप असले पाहिजे. कोल्बी दुसऱ्या कॅचरला फेकायला शिकेल. डॉयल पुन्हा मिळणार नाही, आणि असा उन्हाळाही.

"म्हणजे हो," मी म्हणालो. "घे डॉयलला. आणि चुकलो असेन तर ती चूक माझी."

"अर्धी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चार अठ्ठेचाळीसला गसचा फोन वाजला. पाचवा डाव चालू होता. त्याने ऐकले, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि पंचाला खूण केली. पाउलिनो मैदानातून चालत आला तेव्हा तो हसतच होता. त्याला वाटले, बाळाची बातमी आली. गसने मान हलवली. मग पाऊण तासापूर्वी जिथे पाउलिनोने ट्रेडवेला उचलले होते, तिथेच एकेकाने त्याला मिठी मारली. या वेळी कोणी कोणाला उचलले नाही.

बर्ट खुर्चीवर परत येऊन बसला होता. पाच वाजून दोन मिनिटे झाल्यावर मी त्याच्या शेजारी बसलो.

"तुमचा कॅचर उचलला," तो खुशीत म्हणाला. "ट्रेडवे हातचा गेला, पण रिकाम्या हाताने नाही जात. कोणाकडे गेला तो, कळलं?"

"बायकोकडे. ती बाळंत होतेय."

बर्टने हातातला पेला खाली ठेवला. मैदानाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"पण तुझा चेहरा," तो म्हणाला.

"मलाही ठाऊक नव्हतं, बर्ट."

"हरामखोरा," तो अत्यंत प्रेमाने म्हणाला, आणि मग आम्ही दोघे म्हातारे असे हसलो की पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून पाहिले. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "आमच्या जनरल मॅनेजरला काय सांगू मी?"

"सांग की कॅचर तुझ्या वहीपेक्षा चांगला आहे. ते खरं आहे. त्याच्यासमोर पिचर निर्धास्त होतात. मोजता येत नाही, पण लिहून ठेव."

तो खरोखर लिहू लागला.

वाहनतळावर पाउलिनो गाडीत सामान भरत होता. पोर्ट हॅलरनची बातमी रेडिओवर आधीच लागली होती. निवेदकाचा आवाज फाटत होता आणि मागे कोणीतरी भोंगा वाजवत होते. मी जवळ गेलो. काय बोलावे ते मी पायऱ्या उतरताना नीट जुळवले होते, पण त्याने मला बोलू दिले नाही.

"मिस्टर व्राबेल, मुलगी झाली. कोल्बीचा फोन आला. रडत होता वेडा." मग त्याने डिकी बंद केली आणि रेडिओकडे मान वळवली. "डॉयल म्हणजे मोठा माणूस. यंदा आपण जिंकणार ना?"

त्याच्या खांद्यावरची बॅग अजून आमच्या रंगाची होती. मी त्याची चूक सुधारली नाही.

"हो," मी म्हणालो. "आपण जिंकणार."