बरणीला दिवस गेले

बरणीची ओटी भरायला अख्खी वाडी जमली होती.

बाईची नव्हे, बरणीची. काचेची, पत्र्याच्या झाकणाची बरणी, आत मटकीची उसळ. मारुतीच्या देवळापुढच्या शेडात ती पाटावर बसवलेली, अंगाला हिरवा खण गुंडाळलेला, पुढ्यात नारळ, तांदूळ, खारका. झाकण मधोमध फुगून वर आलेलं. बायका हळदीकुंकू लावायला रांगेत उभ्या होत्या आणि पुरुष चपला काढून लांबूनच हात जोडत होते.

"बघा माय, पोट बघा!" बरणीमहाराज म्हणवणारा बुवा ओरडत होता. "बंद झाकणात अन्न वाढलं! बरणीला दिवस गेले, माय! जिला सातवा लागलाय तिनं हा प्रसाद उघडून खायचा. पोरगाच होतोय. गोरापान होतोय. आणि साहेब होतोय!"

सातवा सायलीला लागला होता. ती बरणीसमोर दुसऱ्या पाटावर बसली होती, हातात चमचा. शेजारी तिची सासू बायडाबाई, डोळ्यांत पाणी.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या स्वप्नाबाई शेडाच्या खांबाला टेकून हे बघत होत्या. सिरसाळ्याहून स्कुटीवर येऊन-जाऊन त्यांनी या वाडीत बरीच वर्षं काढली होती. हळदीत चुना घालून रक्त काढून दाखवलं, नारळ आपोआप पेटवून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या अमावस्येला नव्या बुवाच्या पायावर डोकी ठेवली. बुवा थकत नाहीत. बाई थकल्या होत्या. आज मधे पडायचं नाही असं ठरवून त्या शाळेतून निघाल्या होत्या. पण पाटावर सायली होती, त्यांच्याच वर्गात शिकलेली.

महाराज दसऱ्याआधी आला. बरोब्बर आला. दसरा झाला की वाडीतल्या टोळ्या ऊस तोडायला जाणार. कोपीवर, फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, बाई पहाटे चुलीपुढं, दिवसभर फडात, रात्री पुन्हा चुलीपुढं. कुणी म्हणालं, की बरणी उघडली की कालवण तयार, महिना-महिना नासत नाही, तर ती बाई त्याच्या पाया पडणार नाही तर काय करणार? हाव नव्हती ती. अंग मोडलं होतं तिचं.

महाराजाची रीत अशी. उसळ किंवा वरण उकळायचं, गरम-गरम बरणीत भरायचं. मग तो बरणीच्या उघड्या तोंडावर अंगठा फिरवून मंत्र पुटपुटायचा आणि झाकण लावायचा. थोड्या वेळानं झाकण आपोआप म्हणायचं, 'टक्'. "आईनं हुंकार दिला!" जिची बरणी बोलली नाही ती बाई विटाळाची, लबाडीनं बरणीला शिवली म्हणायची. तिनं शेडाबाहेर उभं राहायचं. ताराबाई दोन दिवस बाहेर उभी होती. आणि शेवटची अट: ही प्रसादाची सोडून बाकी बरण्या कोपीवर जाऊनच उघडायच्या. तोवर महाराज कुठल्या कुठं गेलेला असणार.

"उघड पोरी," महाराज म्हणाला.

"थांब सायली." बाईंचा आवाज त्यांच्याही नकळत निघाला.

शेडात चुळबुळ झाली. सुंदरराव, ज्यांच्या वाड्यावर महाराज उतरला होता, खुर्चीतून उठले. "मॅडम, पगार शाळेचा घेता ना? मंग शाळेतच शिकवा. हितं कावून?"

"हितं पोर मरंल म्हणून."

"अभद्र बोलू नका वं!" बायडाबाई कळवळली. "माजी दोन नातवंडं पोटातच गेली. ह्ये तरी जगू द्या."

बाई शेडाच्या कडेला, बरण्या भरायच्या चुलीकडं गेल्या. उकळतं पाणी एका रिकाम्या बरणीत अर्ध्यावर ओतलं, वाफ बाहेर येऊ दिली, झाकण घट्ट लावलं आणि बरणी पाटावर ठेवली.

"यात उसळ नाही. मंत्र नाही. साधं पाणी आहे. आणि सगळ्यांनी ऐका, मला आज दुसरा दिवस आहे."

बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी "शिव शिव" म्हणालं. महाराज हसला. "आता आई बोलती का बघा! बोलणारच न्हाई!"

बाईंनी झाकणावर ओला फडका ठेवला आणि उभ्या राहिल्या. नारळावरची माशीसुद्धा ऐकू येत होती.

टक्.

"महाराज," बाई म्हणाल्या, "तुमची आई पाण्यालाही प्रसन्न झाली की हो. विटाळासकट."

मागून एक पोरगा फिदीफिदी हसला. बाई शिकवायच्या आवाजात बोलू लागल्या. "वाफेनं बरणीतली हवा बाहेर घालवली. गार झाल्यावर वाफेचं पाणी झालं, आत पोकळी झाली. बाहेरच्या हवेनं झाकण आत ढकललं. तोच हुंकार. ताराबाईची बरणी आणा बरं."

ताराबाईची न बोललेली बरणी आली. बाईंनी झाकण काढून काठावरून बोट फिरवलं. बोटाला तूप लागलं, त्यात अक्षतेचा एक दाणा चिकटलेला होता. "मंत्र म्हणताना अंगठा फिरवता ना? कुणाच्या बरणीला कोरडा, कुणाच्या बरणीला तूप आणि तांदूळ. झाकण नीट बसलं नाही, हवा जात राहिली. विटाळ याचा आहे, ताराबाईचा नाही."

"आन मी दोन दिस उन्हात उभी!" ताराबाई बाहेरून किंचाळली.

"पन मॅडम," बायडाबाईनं फुगलेल्या बरणीवर हात ठेवला, "ही तर बोलली हुती. आन वर फुगली. ती कावून?"

"सडली म्हणून, मावशी. मटकीत मातीतले जंतू असतात. काहींची बी इतकी चिवट की उकळत्या पाण्यातही मरत नाही. वर झाकण घट्ट, हवा नाही, आंबटपणा नाही. त्यांना तेच हवं. ते आत वाढतात, वायू सोडतात, विष तयार करतात. पापण्या जड होतात, जीभ अडखळते, मग श्वास थांबतो. आणि कधी कधी वास येत नाही, झाकण फुगतही नाही. न फुगलेल्या बरण्यांचाही भरवसा नाही."

"थोतांड!" महाराज गरजला. "देवीची परीक्षा बघता? खा गं पोरी!"

सायलीनं चमचा उचलला. बाई पाटाकडं झेपावल्या. पण सायलीनं चमचा महाराजापुढं धरला आणि बंद बरणी त्याच्याकडं सरकवली.

"महाराज, आदी तुमी. प्रसाद हाय ना?"

महाराज मागं सरला. "मला आज उपास हाय."

"उपास?" ताराबाई आता शेडाच्या आत आली होती, कुणाला न विचारता. "सकाळी सुंदररावांकडं मटनाचा रस्सा वरपला की! भांडी म्या घासली. हाडकंबी चोखून ठिवलीती!"

आधी बायका हसल्या, मग पुरुष. महाराजानं कमंडलू उचलला, सुंदररावांकडं बघितलं. सुंदरराव चपला शोधू लागले होते. हसण्याच्या गदारोळातच महाराज मागच्या वाटेनं सटकला. बाईंनी त्याला अडवलं नाही. पुढच्या गावात तो दुसरं झाकण शोधणार, हे त्यांना माहीत होतं.

बायडाबाई मात्र हसत नव्हती. "त्यो चोर निघाला, बरं झालं. पन आमी काय न्यावं? फडातून आल्यावर कालवन कोन करनार?"

या प्रश्नाला महाराजानं खोटं उत्तर दिलं होतं. खरं उत्तर तरी कुणी दिलं होतं? बाई खाली बसल्या. निघायला काढलेली स्कुटीची किल्ली पुन्हा पिशवीत टाकली.

भरलेल्या बाकी सगळ्या बरण्या न उघडता, ताराबाईची परत झाकण लावून, खोल खड्ड्यात गेल्या. रविवारी बाईंनी शाळेमागं चूल मांडली. "पहिला धडा," त्या म्हणाल्या, "आंबट तेच भरा. उसळ, वरण, मटण घरच्या बरणीत भरायचं नाही, त्याला वेगळं दाबाचं यंत्र लागतं. मटकी, हुलगे कोरडे न्या. बरणी नवी, झाकण नवं." टोमॅटो उकळले, अर्ध्या लिटरच्या बरणीत पाव चमचा लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, घातलं, वर बोटभर जागा सोडली. काठ कोरडा पुसायला ताराबाई बसली होती. तूप कुठं दिसतंय का ते ती डोळे फाडून बघत होती. झाकणं लावून बरण्या पातेल्यात फडक्यावर उभ्या केल्या. झाकणावर पाणी येईल एवढं भरलं आणि पाऊण तास खळखळ उकळू दिलं. चवीला काही विशेष नव्हतं. टोमॅटोचा आंबट रस्साच तो. पण बाजरीच्या भाकरीबरोबर उभ्या-उभ्या खाता आला असता.

बरण्या ओट्यावर गार व्हायला ठेवल्या. बाई चुलीतली लाकडं मागं ओढत होत्या. पुढच्या अमावस्येला कोण येईल, लिंबूवाला की भस्मवाला, असं काहीतरी त्यांच्या मनात चालू होतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं: माणसांनो, देवावर विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण जो तुमच्या लेकराच्या तोंडात काही घालायला सांगतो, त्याला आधी स्वतः खायला सांगा. एवढं विचारायला शाळा लागत नाही.

टक्, पहिली बरणी बोलली. बायडाबाईचे हात सवयीनं जोडले गेले.

"आत्याबाई," सायली म्हणाली, "हवा हाय ती."

बायडाबाईनं हात सोडले. मग एक बोट झाकणावर ठेवून दाबून बघितलं. झाकण हललं नाही.

"बसलंय," ती म्हणाली आणि पुढची बरणी तपासायला सरकली.