एकाच खिशातून आलेले दोन बिल्ले

चर्चच्या मोडक्या बाकाची पाठ.

अवसेच्या रात्री दहा वाजता बुडणारा बांध.

फोनवर आलेली जोडलेल्या हातांची अकरा चित्रं.

झाकून ठेवलेलं एक ताट.

स्वयंपाकघरात गेलेलं स्टूल.

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. वरच्या गोष्टी एकमेकींच्या शेजारी कशा आल्या, ते मला सांगायचं आहे. सांगताना मी अडखळेन. फळीला बोलायची सवय नसते.

पनवेलच्या खांदा कॉलनीत एक छोटं मिशन आहे. जालना, नंदुरबार, बीड अशा लांबच्या गावांतून तरुण मुलंमुली इथे दोन वर्षं सेवेला येतात. आजाऱ्यांना भेटायचं, एकट्या म्हाताऱ्यांची औषधं आणून द्यायची, जो म्हणेल त्याच्यासाठी प्रार्थना करायची, ज्याला ऐकायचं असेल त्याला येशूची गोष्ट सांगायची, हे त्यांचं काम. सगळी वीस-बावीस वर्षांची. पहिल्या महिन्यात बहुतेक जण रडतात. मी दाराजवळ असते म्हणून मला माहीत. रडायला सगळे दाराशीच येतात.

मला कृष्णकांतभाऊंनी घडवलं. ते इथले पहिले प्रमुख, आणि त्याआधी सुतार. चर्चमधला एक बाक मोडला तेव्हा त्याची पाठ त्यांनी रंधा मारून गुळगुळीत केली, तिच्यावर आठ पितळी खुंट्या ठोकल्या. ॲल्युमिनियमचे आठ गोल बिल्ले कापले आणि खिळ्याने त्यांवर आकडे उठवले. नियम साधा होता. बाहेर जाताना आपला बिल्ला खिशात घ्यायचा. परत आल्यावर आपल्या हाताने आपल्या खुंटीला अडकवायचा. आणि एकट्याने कुठे जायचं नाही, कारण प्रभूने शिष्यांना दोघेदोघे असं पाठवलं होतं.

एका मुलाने विचारलं होतं, मोबाइल असताना ही शाळेसारखी हजेरी कशाला?

"मोबाइलवर तू आवाज बदलून बोलतोस, लबाडा," भाऊ म्हणाले. "बिल्ला लावताना मला तुझं तोंड दिसतं."

संध्याकाळी ते माझ्याखाली स्टूल टाकून बसत. पावलांवरून त्यांना कळे की कोणाच्या मागे कुत्रं लागलं, कोणाला दारातूनच परत पाठवलं गेलं, कोण सकाळपासून उपाशी आहे. मग ते त्याला स्वयंपाकघरात नेत. मी आठ बिल्ल्यांचं वजन अंगावर घेऊन शांत लटकत असे.

माझी ती चांगली वर्षं होती.

१ २ ३ ४ ५ ६ ७ ८

भाऊ थकले आणि गावी गेले. त्यांच्या जागी सुनीताताई आल्या. त्या वाईट होत्या असं समजू नका. रियाला मलेरिया झाला तेव्हा नऊ दिवस त्यांनी तिच्या उशाशी काढले. मिथुन बोलताना अडखळायचा, तर त्याला रोज टेबलावर चमचा वाजवत ताल धरून मोठ्याने वाचायला लावलं आणि सभेत उभं केलं. पण त्यांच्यामागे कामं फार. पुण्याच्या मोठ्या कार्यालयाला रोज सगळं कळवावं लागे. म्हणून त्यांनी एक सोपी वाट काढली. संध्याकाळी सात वाजता त्या माझा फोटो काढायच्या आणि कार्यालयाच्या ग्रुपवर पाठवायच्या. खाली लिहायच्या, "आठपैकी आठ. सगळे घरात." लगेच उत्तरादाखल जोडलेले हात येत.

खरं सांगते, मला ते आवडू लागलं. रोज मला फडक्याने पुसलं जाई. स्टूल कधी उचललं गेलं ते माझ्या लक्षातही आलं नाही. ते स्वयंपाकघरात गेलं आणि त्याच्यावर पाण्याचा जार बसला.

मग एक दिवस रिया गेटपाशी आईशी फोनवर बोलत राहिली आणि तिचा बिल्ला तिच्या जोडीदारणीने, समृद्धीने लावला. ताईंनी विचारलं तर समृद्धी म्हणाली, ती काय, गेटातच आहे. आणि रिया खरंच गेटात होती. पुढच्या आठवड्यात कोणीतरी कोपऱ्यावर होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात कोणीतरी अजून बसमध्ये होतं. ताईंना ओरडावं लागू नये, फोटो चुकू नये, एवढंच मुलांच्या मनात असे. त्यात प्रेमच होतं.

मित्रांनो, दिवसभर खिशात राहिलेला बिल्ला माणसाच्या अंगाने गरम होतो. आठ जणांची आठ प्रकारची ऊब मला पाठ होती. दोन बिल्ले एकाच खिशातून आले, की दोन्हींची ऊब एकाच माणसाची असे. मला दर वेळी कळायचं.

फोटोत ऊब येत नाही.

सात नंबर प्रांजलचा. जालन्याचा मुलगा, बोलायला कमी, हात मात्र सारखे काही ना काही करत असत. माझी सैल झालेली तिसरी खुंटी त्यानेच कोणी न सांगता घट्ट केली. तो आणि मिथुन ही जोडी. वरच्या मजल्यावरची मागची खोली त्या दोघांची.

द्रोणागिरीच्या गोदामांमागे खाडीकाठी एक वस्ती आहे. तिथे ठमाबाई मासे विकून घर चालवते. तिचा नवरा विठू अंथरुणावर आहे, त्याला कूस बदलायलाही माणूस लागतो. ठमाबाई बाजारात गेली की प्रांजल त्याच्यापाशी बसे. विठूचा देव वेगळा होता. त्याला प्रार्थना नको होती, पाय चोळून हवे होते. प्रांजल पाय चोळत असे. ताईंनी एकदा विचारलं, तिथे प्रगती काय? तो म्हणाला, उजवा पाय थोडा हलतो. सगळे हसले, तोही हसला.

त्या वस्तीत जायचा जवळचा रस्ता खाडीच्या बांधावरून होता.

आणि ज्या दिवसाचं मला सांगायचं आहे, ती अमावस्या होती. जालन्याच्या मुलाला अवस म्हणजे काळोख. त्या दिवशी पाणी किती चढतं, हे त्याच्या गावात कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. नंदुरबारच्या मिथुनलाही नव्हतं.

पावणेसातला मिथुन एकटा आत आला. त्याने खिशातून पाच नंबर काढला, लावला. मग त्याच खिशातून सात नंबर काढला.

दोन्ही सारखेच गरम होते.

मला पडायचं होतं. मी खिळ्यावरून निसटून जमिनीवर आपटले असते, तर ताई उठून आल्या असत्या. पण भाऊंनी मला फार पक्कं ठोकलं होतं.

१ २ ३ ४ ५ ६ ७ ८. सगळे घरात.

अकरा जोडलेले हात आले.

जेवायच्या वेळी मिथुनने सांगितलं की प्रांजलचं पोट बिघडलंय, तो वर पडलाय. ताईंनी त्याचं ताट झाकून ठेवायला सांगितलं आणि ओव्याची पुडी दिली. मिथुन ती घेऊन वर गेला. झोपायच्या आधी येऊन त्याने मागच्या दाराची कडी काढून ठेवली. मग त्याला झोप लागली. दिवसभर चालला होता तो.

सकाळी पहिल्या बसने ठमाबाई आली. टोपली नव्हती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत दोन चपला होत्या, बांधाखालच्या काळ्या चिखलाने भरलेल्या. तुमचा पोरगा आलाय का, एवढंच तिने विचारलं.

"प्रांजल ना? घरातच आहे तो," ताई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे हात केला. "हा बघा त्याचा बिल्ला."

ठमाबाईने माझ्याकडे पाहिलं. मग खाली, पिशवीकडे पाहिलं.

"मला यायला उशीर झाला बाजारातून," ती म्हणाली. "मी त्याला बोल्ली, पोरा, आज इथंच रव. अवस हाय, दहाला बांध बुडतो. तो बोल्ला, नाय मावशी, ताईंना इचारलं नाय. मी भाताचा टोप उतरवत व्हते. वलून बघतंय तं गेला."

जिन्यावर मिथुन उभा होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं. पहिलं अक्षरच त्याच्या तोंडातून निघेना. ताई टेबलाकडे गेल्या, त्यांनी चमचा उचलला, आणि तो हातात तसाच धरून उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी खाडीतल्या तिवरांच्या झाडीत होडीवाल्यांना तो सापडला.

त्याचे वडील सामान न्यायला आले. पिशवी भरून झाली, निघताना ते माझ्यासमोर थांबले. सातव्या खुंटीला त्यांनी बोट लावलं. कोणी तिला हात लावला नव्हता, बिल्ला तसाच होता.

"हा तर इथंच आहे," ते म्हणाले. "मग आला होता ना तो?"

बिल्ला त्यांनी काढून घेतला. तो तेव्हा थंड होता.

१ २ ३ ४ ५ ६   ८

आता फोटो पाठवत नाहीत. स्टूल परत आलं आहे. ताई रोज संध्याकाळी त्याच्यावर बसतात, आणि मुलं आली की प्रत्येकाचं मनगट क्षणभर धरतात. मुलांना त्याची थोडी भीती वाटते. मिथुन गावी गेला नाही. तो सगळ्यांच्या आधी परत येतो, पाच नंबर लावतो आणि बाकीचे येईपर्यंत गेटापाशी उभा राहतो. त्याचं अडखळणं पुन्हा सुरू झालं आहे. कोणी चमचा वाजवत नाही.

मला आता कोणी पुसत नाही. ते बरंच आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, कामावर माझ्यासारखी एखादी फळी असेल. तिच्यावर सगळं बरोबर दिसत असेल, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवू नका. उठा, दारापर्यंत जा, माणूस बघा. आणि मित्राने आपला बिल्ला तुमच्या हातात ठेवला, तर तो त्याला परत द्या. तो रागावला तरी चालेल.

त्या अमावस्येच्या दुपारी दोन वाजता, ठमाबाईला बाजारातून यायला उशीर होणार, तर रात्री तिच्याकडेच राहू का हे विचारायला प्रांजल ताईंच्या टेबलापाशी आला होता. ताई फोनवर होत्या, म्हणून तो थोडा वेळ थांबला आणि निघून गेला.