चार बोटं

नीलानं झोपलेल्या पोरीच्या अंगाखालून कापड हळूच ओढून काढलं, त्याची घडी घातली आणि उंबऱ्याच्या आत, हात पुरेल तेवढ्यावर ठेवून दिलं. स्वतः मात्र बाहेरच उभी राहिली. आत तुळजाबाईचा माग चालू होता. तो थांबला नाही.

रायपूरहून येणाऱ्या गाडीत तिनं सगळं घोकून ठेवलं होतं. आत जायचं, आत्याच्या पायावर पडायचं, 'मले पदरात घे' म्हणायचं आणि मग रडायचं. चार वर्षं नाटक कंपनीच्या मागंमागं फिरल्यावर विंगेतून एवढं तरी शिकायला मिळतंच. पण विंगेत कुणी कोष्ट्याचा माग पाहिलेला नव्हता. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो, आणि तुळजाबाईचे दोन्ही पाय त्या खड्ड्यात होते. पडायचं कुणाच्या पायावर? घोकलेलं सगळं तिथंच गळपटलं आणि नीला पोरीला खांद्यावर घेऊन नुसतीच उभी राहिली.

स्वराज्य आल्यावरच्या दुसऱ्या दिवाळीत गल्लीजवळच्या टिमकीच्या मैदानात नाटक कंपनीचा तंबू पडला होता. त्या कंपनीचा पेटीवाला दिसायला बरा आणि बोलायला त्याहून बरा. नाटकात असा माणूस दुसऱ्या अंकात पोरीला पळवतो आणि तिसऱ्या अंकात पश्चात्ताप होऊन परत येतो. या पेटीवाल्यानं तिसरा अंक वाचलाच नव्हता. रायपुरात त्याची बायको निघाली, दोन मुलं निघाली, आणि नीलाच्या पोटात यमू असताना तो स्वतःच कुठं तरी निघून गेला.

पळून गेली म्हणून गल्लीनं नीलाला एक वेळ माफ केलं असतं. त्या आधीही पोरी गेल्या होत्या, आल्या होत्या, जातीला गोडाचं जेवण घालून पंगतीत बसल्या होत्या. पण नीला जाताना मागावरचं लुगडं कापून घेऊन गेली होती.

ते लुगडं तिच्या आतेबहिणीच्या, लतिकाच्या पाठवणीचं होतं. टसरीचं अंग आणि लाल करवती काठ. करवतीचे दात अंगाच्या धाग्यात अडकवत न्यायचे असतात, म्हणून ते काम एकट्याचं नव्हे. एक जण खड्ड्यात बसून विणतो आणि दुसरा डाव्या हाताला बसून काठाच्या दोऱ्याचा धोटा परत देतो. आईबाप गेल्यावर आत्याकडे आली तेव्हापासून ती डावी जागा नीलाची होती. डुलकी लागली की डावीकडचे दात वाकडे पडायचे आणि आत्या बोटावर टिचकी मारायची.

त्या सकाळी सगळी गल्ली बाहेर कुणाच्या तरी ताण्याच्या उभ्या दोऱ्यांना खळ लावायला जमली होती. घरात कुणी नव्हतं. पेटीवाला म्हणाला होता, लग्नाला काही तरी घेऊन ये. नीलानं कात्री घेतली आणि अर्धं झालेलं लुगडं थेट फणीशी कापलं. कापल्याबरोबर मागचा ताणा सैल झाला आणि फणीच्या दातांतून दोरे सर्र करून निसटले. शेकडो दोरे, एका दमात. तो आवाज ती कधी विसरली नाही. लग्न काही झालं नाही. लुगडं यमूच्या अंगाखाली आलं.

धोट्यातली कांडी संपली तेव्हा माग थांबला. तुळजाबाईनं मान वर केली. केस पांढरे झाले होते, बाकी चेहरा तोच. तिनं आधी पोरीकडे पाहिलं, मग उंबऱ्यातल्या घडीकडे.

"जेवली काय?"

नीलानं मानेनंच नाही म्हटलं.

"पोट्टीले ऊन लागून राहिलं. आत घे तिले."

"आत्या, मी..."

"आधी आत घे म्हनलं नं."

दुधात भाकर कुस्करून तुळजाबाईनं पोरीला स्वतः भरवली. पोर जागी होऊन अनोळखी चेहऱ्याकडे टकामका पाहत होती आणि तरी तोंड उघडत होती. भूक लागली की ओळख लागत नाही.

"नाव काय ठेवलं?"

"यमू."

तुळजाबाईचा हात वाटीत क्षणभर थांबला. यमुना हे नीलाच्या आईचं नाव. "अस्सं," एवढंच ती म्हणाली आणि पुढचा घास उचलला.

मग नीलानं जे होतं ते सांगितलं. घोकलेलं नव्हे, खरं. यमूच्या वेळी जिथं आसरा मिळाला त्या रायपूरच्या आश्रमातल्या बाई चांगल्या होत्या. पोर आमच्या स्वाधीन कर, म्हणाल्या होत्या, तिला कुणी तरी घरी नेईल, तुलाही कुठं तरी उजवू, तू अजून तरुण आहेस. नीलानं विचार करायला म्हणून मुदत मागितली आणि गाडीत बसली.

"येथी जागा भेटली तं पोरगी माही राहीन आत्या. नाही तं उद्या तिले आश्रमात द्या लागन. मले एखादा माग दे. साधं विनीन. तुह्या घरात नको घेऊ, ओसरीत पडून राहीन."

"मी कोन देनारी? ताणा कापनारीले या गल्लीत मागाले हात लावू देत नाहीत, तुले माहीत नाही काय? चंपतराव येतीन. त्यायले सांग."

नीलानं मान खाली घातली. मागता येईल तेवढं मागून झालं होतं.

चंपतराव जातीचे पंच. हयात मागावर गेलेली, आता डोळ्यांना कमी दिसायचं म्हणून विणणं सुटलेलं, पण कापडावरून अंगठा फिरवला की कुणाच्या घरचं ते सांगायचे. बातमी त्यांच्यापर्यंत पोचवायला शेजारची सखूबाई होतीच. गल्लीत टपाल आठवड्यातून दोनदा यायचं, सखूबाई रोज. दुपार कलायच्या आत चंपतराव ओसरीवर येऊन बसले, आणि सखूबाई खांबाला टेकून उभी राहिली, जणू वाटेनं जाता जाता थांबली.

"पोरी," चंपतराव म्हणाले, "गेली त्याचं मी काही म्हनत नाही. जवानीत मानूस आंधळं असते. पन दुसऱ्याच्या मागावरचा ताणा कापला तुनं. बहिनीच्या पाठवनीचं लुगडं. माह्या बापाच्या जमान्यापासून असं कोनी केलं नाही. तूच सांग, तुले माग कसा द्याव?"

"नका देऊ," नीला म्हणाली. हे तिच्या तोंडून कसं निघालं तिलाही कळलं नाही. "मी कापलं. चूक माहीच हाय."

"ऐकलं नं? आपल्या तोंडानं बोलली," सखूबाई म्हणाली.

तुळजाबाई उठली. शिडी लावून माळ्यावर चढली. खाली आली तेव्हा तिच्या खांद्यावर जुन्या धोतरात गुंडाळलेलं काही तरी लांब होतं. तिनं ते ओसरीवर उतरवलं आणि गाठी सोडल्या. आत गुंडाळलेला ताणा होता, त्याच टसरीचा. पुढं फणी होती, फणीत दोरे जिथल्या तिथं, आणि फणीच्या पुढं चार बोटं विणलेलं कापड. दोन्हीकडे लाल करवती काठ.

नीला पाहतच राहिली.

"हे घ्या," तुळजाबाई म्हणाली. "चोर कापते तं कसा कापते? फणीशी कापते. ताण्याचं वाटोळं होते. आन कोष्टी घरातलं लुगडं उतरवते तं चार बोटं ठेवून कापते, का पुढचं विनता यावं. हे चार बोटं कोनं ठेवले? मी. मीच कापून देल्लं तिले लुगडं. माहेरची पोट्टी, रिकाम्या हातानं कशी जाऊ देऊ?"

सखूबाईच्या तोंडाचा आ झाला.

"तुनं देल्लं?" चंपतराव म्हणाले. "मंग इतले वर्सं सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही विचारलं कधी? तुम्ही सगळे सांगूनच राहिले होते, मी ऐकून राहिली होती."

चंपतराव वाकले, आणि चार बोटांच्या त्या पट्टीवर अंगठा ठेवला. उजव्या काठापासून सुरुवात केली. अंगठा हळूहळू कापडाच्या अंगावरून सरकत डाव्या काठाशी आला आणि तिथं थांबला. पुन्हा एकदा त्याच काठावरून वर गेला, खाली आला. मग त्यांनी मान वर करून तुळजाबाईकडे पाहिलं.

"त्या वख्ती तुले ताप आला होता, नाही?" ते म्हणाले. "लय दिवस दार लावून होती तू."

"होता."

"अंग लय दुखलं असन."

"दुखलं."

चंपतराव उठले. काठी शोधली. उंबऱ्याशी नीलापाशी थांबले आणि यमूच्या गालाला बोट लावलं.

"तुळजाबाईनं देल्लं म्हनते तं देल्लं. मी कोन नाही म्हननारा?" मग खांबाकडे वळून म्हणाले, "सखूबाई, आता हेच सांगजो. घरोघरी."

दोघं गेली. यमू घडी केलेल्या लुगड्यावर बसून त्याचा काठ तोंडात घालत होती. नीला फणीपाशी जाऊन बसली. फणीशी कापलं होतं तिनं, तिच्या हातांनी, तो आवाज अजून तिच्या कानात होता. मग ही चार बोटं आली कुठून?

तिनं चंपतरावांसारखाच अंगठा ठेवला. उजव्या काठाचे दात सरळ, आत्याच्या हातचे, एकाखाली एक. डाव्या काठाशी ते ढिले होते. एक बाहेर, एक आत, एक तर अर्धाच. लहानपणी ती पेंगायची तेव्हा असे पडायचे. पण हे पेंगण्याचे नव्हते. त्या जागी कुणी बसलेलंच नव्हतं.

मग तिला सगळं दिसलं. दार लावलेलं घर. फणीतून निसटलेला एकेक दोरा शोधून पुन्हा ओवणारी बाई. मग खड्ड्यात उतरून एक धोटा टाकायचा, वर यायचं, मागाला वळसा घालून डाव्या बाजूला जायचं, काठाचा धोटा परत लावायचा, पुन्हा वळसा, पुन्हा खड्डा. एका धाग्यासाठी एवढं. आणि असं चार बोटं, कुणी बघायला येण्याआधी. लतिका सासरी बाजारच्या लुगड्यात गेली असणार. पण ही पट्टी या घरात जपून ठेवली गेली, पळून गेलेल्या पोरीसाठी, तिनं मागितलेली नसताना.

नीला रडली. गाडीत ठरवलं होतं तसं नव्हे. तोंडाला पदर लावून, आवाज न करता रडली, आणि रडताना तिला इतकं बरं वाटत होतं की लाज वाटावी. जगात तिचं असं कुणी होतं. ती चार वर्षं दुसऱ्या गावी उपाशीतापाशी फिरत होती तेव्हाही होतं.

"आत्या," ती म्हणाली, "हे डावीकडचे दात..."

"वाकडे आलेत, माहीत हाय मले," तुळजाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली. "उकलू नको. राहू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागावर चालू असलेलं साधं लुगडं उतरवलं आणि तो जुना ताणा मागावर चढवला. चार बोटांच्या पट्टीत काठी ओवून ती पुढं ताणली. तुळजाबाईनं कुंकू लावलं, मागाला हात जोडले आणि खड्ड्यात पाय सोडले. यमू कोपऱ्यात त्या अर्ध्या लुगड्यावर निजली होती. नीला मधेच उभी होती. कुठं बसायचं ते ठाऊक होतं, पण पाय पुढं होत नव्हता.

"बस वं," तुळजाबाई म्हणाली. "आता मले उठनं होत नाही."

नीला डाव्या हाताला जाऊन बसली. तुळजाबाईनं पायानं खड्ड्यातली पावडी दाबली, धोटा टाकला, आणि नीलानं आपल्या बाजूनं काठाचा धोटा परत दिला.