मावळतीची बाजू

“सोड तो बॉल! इद्रीस, सोड म्हणतो ना!”

धामणकर साहेब रेषेजवळून ओरडले. इद्रीसने सोडला नाही. चिपळूणच्या पोराच्या पायाला लागून बॉल बाहेर चालला होता. बाहेर गेला असता तर थ्रो आमचाच होता. नुसतं उभं राहायचं होतं. पण इद्रीस वीस पावलं धावत गेला, रेषेवर अंग टाकलं आणि बॉल पायाने आत ओढला. तो गेला चिपळूणच्याच दुसऱ्या पोराकडे. त्याने गोल मारला आणि आम्ही हरलो.

हे चौऱ्याऐंशी सालचं. मी भिकाजी, लोट्याला एका केमिकल कारखान्याचा बस ड्रायव्हर. शिफ्टची माणसं न्यायची-आणायची, आणि मॅच असली की टीम न्यायची. धामणकर साहेब कंपनीच्या टीमचे मॅनेजर. इद्रीस बुरोंडीचा, वय वीस-एकवीस. खेळ बघूनच त्याला बदली कामगार म्हणून घेतला होता. मार्चपर्यंत टीममध्ये टिकला तर कायम, नाही तर परत बुरोंडीला. घरी आई, दोन बहिणी आणि बोटीवर पाय जायबंदी झालेला बाप.

त्या दिवशी साहेब बसमध्येच त्याला म्हणाले, “पहिल्या हाफात तुला डावा पाय नसतो, दुसऱ्या हाफात उजवा. मला दोन पायांचा माणूस पाहिजे. उद्यापासून ग्राउंडवर येऊ नको.”

मागे पोरं हसली. मी आरशात बघितलं. इद्रीस बुटाची नाडी सोडत होता आणि परत बांधत होता.

साहेबांचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. ते चिडून बोलले होते, पण खोटं बोलले नव्हते. पहिल्या हाफात इद्रीस डावीकडे जायचा नाही, दुसऱ्या हाफात उजवीकडे. माणसाचा पाय असा तासाभरात बदलतो कसा? गाडी एका बाजूला ओढायला लागली की ड्रायव्हरला चैन पडत नाही. तसं माझं झालं.

दोन-तीन दिवसांनी बस उभी करताना लक्षात आलं. हाफ झाला की टीमा बाजू बदलतात. म्हणजे पहिल्या हाफातली डावी आणि दुसऱ्या हाफातली उजवी, ही ग्राउंडची एकच बाजू. मावळतीची. चिपळूणच्या मॅचला बॉल अडवायला त्याने अंग टाकलं, ती रेषाही तिकडचीच.

आधी वाटलं, उन्हामुळे असेल. पण सकाळच्या मॅचलाही तो तिकडे जात नसे. मग त्यालाच विचारलं. तो पहिल्या शिफ्टहून परतत होता.

“काय रे, मावळतीकडं जायला घाबरतोस काय?”

“मी? नाय वो. कोन बोलला?”

“मग जात का नाहीस?”

“मी जात नाय?” त्याने मलाच विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

घरी आलो तेव्हा हौसा, माझी बायको, चुलीवर बोंबील भाजत होती. तिला सगळं सांगितलं. तिचं माहेर बुरोंडी. ती हसायलाच लागली.

“यवडं काय त्यात? मावळतीला दर्या हाय.”

“लोट्याला कुठला दर्या?”

“लोट्याला नसंल. त्याच्या पायांना कोन सांगनार?” बोंबील उलटवत ती म्हणाली, “आमच्याकडं पोरं पुळणीवर, दर्याच्या वाळूत खेळतात. अख्ख्या गावात बॉल एक. सकाळी मतलई सुटली, जमिनीवरनं वारा आला, की बॉल पान्यात पडला तो गेलाच. ज्याच्याकडनं गेला त्यानं पवत जायाचं. नाय गावला तर त्याला कोन खेळायला घेत नाय. त्याला उद्या जेवायला बोलवा.”

इद्रीस आला. ‘काकी’ म्हणाला तर हौसाने त्याला अडवलं. “माज्या माहेरचा तू. आत्या म्हन.” आमच्याकडे आत्याचा नवरा तो मामा, म्हणून मी मामा झालो. जेवताना तिने त्याला सरळ विचारलं, “तुज्याकडनं कंदी बॉल गेलता?”

त्याने घास ताटात ठेवला.

“चाचानं कुवेतवरनं आनलेला,” तो म्हणाला. “मी नऊ वर्षांचा व्हतो. मी पवत गेलो, पन तो फुडं फुडंच जाय. मंग दिसायचाच बंद झाला. चार म्हयनं गावात बॉल नव्हता. समदी पोरं पुळणीवर नुसती बसून ऱ्हायची. मना बगायची.”

“मंग आता आडवायला धावतोस ता बरोबरच हाय,” हौसा म्हणाली. “भात घे.”

दुसऱ्या दिवसापासून तिने जे केलं ते मला आधी पोरकटपणा वाटलं. आमचं घर ग्राउंडच्या मागेच होतं. संध्याकाळी टीमची प्रॅक्टिस संपली की ती सूप आणि तांदूळ घेऊन मावळतीच्या रेषेबाहेर जाऊन बसायची. निवडायचं काम चालू ठेवायची. मी आतून बॉल मारायचा आणि इद्रीसने तो बाहेर जाऊ द्यायचा. एवढंच.

पहिल्या दिवशी एकही जाऊ दिला नाही त्याने. हौसा हाक मारायची, “अरे सोड! मी हाय ना हितं! हितं पानी नाय!” तो “व्हय आत्या” म्हणायचा आणि परत धावायचा. चौथ्या दिवशी एक सुटला. हौसाने सूप बाजूला ठेवलं, उठली, बॉल उचलला आणि दोन्ही हातांनी त्याच्याकडे टाकला.

“आला का परत?”

“आला.”

“मंग झालं तर.”

महिनाभर असं चाललं. रस्त्यावरून जाणारे कामगार हसायचे. “भिकाजीनं बायकोला गोलकीपर केलं!” हौसा तिथूनच ओरडायची, “तुज्यापेक्षा बरी हाय!”

फेब्रुवारीत रत्नागिरीला मॅच होती. मार्च तोंडावर आला होता आणि साहेब इद्रीसचं नावही काढत नव्हते. माझ्या बसचा क्लीनर त्या दिवशी रजेवर गेला. खरं सांगायचं तर मीच त्याला घ्यायला लावली. क्लीनरच्या सीटवर इद्रीसला बसवला, हातात फडकं दिलं. हौसा निघताना म्हणाली, “मना बसमदी घेनार नायत. तुमी बसा मावळतीला.”

संगमेश्वरला चहाला थांबलो तेव्हा साहेबांनी माणसं मोजली. दहा भरली.

“सदू कुठे आहे?”

“त्याचा फुडच्या शिफ्टचा रिलिव्हर आला नाय, सायेब,” कोणीतरी म्हणालं. “प्लँट सोडून कसा येनार?”

साहेबांनी चहा अर्धाच ठेवला. इद्रीस काच पुसत होता. साहेब त्याच्याकडे बघत राहिले.

“ए क्लीनर. बूट आहेत का?”

“हायत, सायेब.”

इतकी वर्षं मी मॅच बसमध्ये बसूनच बघायचो. त्या दिवशी उतरलो आणि मावळतीच्या रेषेबाहेर जाऊन मातीत बसलो. पँट लाल झाली. पलीकडून समुद्राचा वारा येत होता, आणि हा खरा समुद्र होता. मला वाटलं, आता काही खरं नाही.

पहिला हाफ इद्रीस मधेच फिरत राहिला. साहेबांनी दोनदा कपाळावर हात मारला. दुसऱ्या हाफात समोरच्याच्या पायाला लागून एक बॉल माझ्या बाजूला आला. इद्रीस धावला. तीन पावलं, चार पावलं. मी ‘सोड’ म्हणून ओरडणार होतो. रेषेच्या हातभर आत तो थांबला. हात कमरेवर ठेवले. बॉल त्याच्यासमोरून बाहेर आला आणि माझ्या पायाला लागून थांबला.

मी उठून, हौसा टाकायची तसा, दोन्ही हातांनी त्याला टाकला. तो माझ्याकडे बघून हसला आणि थ्रो घेतला.

त्यानंतर तो तिथेच, मावळतीच्या रेषेला धरून खेळला. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना तिथूनच बॉल घेऊन गेला आणि गोल केला. साहेब लोट्याला उतरताना एवढंच म्हणाले, “उद्या चार वाजता ये. फडकं नको आणू.”

मार्चमध्ये तो कायम झाला. पुढे जिल्ह्याकडून खेळला, आणि दोन वर्षांनी मुंबईच्या एका मोठ्या टीमने त्याला बोलावून नेलं. हौसाने पोहे आणि भाजलेले बोंबील बांधून दिले. “तिकडं कोन बसंल मावळतीला?” तिने विचारलं. तो म्हणाला, “आता कोन नसला तरी चालतंय, आत्या.” ती मागाहून मला म्हणाली, “बगा, शिकला.” पण डोळे पुसत होती.

हौसा गेल्या मार्गशीर्षात गेली. चार महिने अंथरुणात होती. पडवीत मावळतीच्या भिंतीला तिचं अंथरूण होतं, तिथून तिला ग्राउंड दिसायचं.

इद्रीसला उशिरा कळलं, तसा तो मुंबईहून आला. पडवीच्या पायरीशी उभा राहिला, आत यायला धजेना. मी चहा टाकला. दोन कप घेऊन आतून आलो आणि नेहमीसारखा भिंतीपासून लांबून, पडवीला वळसा घालून त्याच्याकडे गेलो. ती जागा मोकळी होती. अंथरूण कधीच गुंडाळलं होतं. तरी माझे पाय तिकडून जात नव्हते. मला हे माहीतही नव्हतं. इद्रीस माझ्या पायांकडे बघत होता, म्हणून कळलं.

तो चपला काढून वर आला. सरळ चालत मावळतीच्या भिंतीपाशी गेला आणि तिची जागा होती तिथे मांडी घालून बसला.

“मामा,” तो म्हणाला, “चाय हितं द्या.”

मी कप धरून उभा राहिलो. मधे चार पावलंच होती. चहा थोडा सांडला, पण मी गेलो.