जुनी पत्रं कोण वाचू शकेल?

"अहो, इथे विचारतंय, जुनी पत्रं कोण वाचू शकेल? खाली तीन गोल आहेत. कोणीही, फक्त सभासद, फक्त व्यवस्थापक."

"ठिपका कुठल्या गोलात आहे?"

"पहिल्या," बायको म्हणाली. "कोणीही."

मास्तरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि पुन्हा लावला. ठिपका तिथेच होता. तासाभरापूर्वी लिफ्टवर काम करणाऱ्या डावऱ्याचा फोन आला तेव्हाच त्यांना हे कळलं होतं. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते आत्ता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. लिफ्ट दुरुस्तीत पस्तीस वर्षं गेली, त्यातली शेवटची दहा नव्या माणसांना काम शिकवण्यात, म्हणून मास्तर. गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा त्यांनीही दिला. घरी बसल्यावर एकच काम हातात उरलं, ते म्हणजे लिफ्टवाल्यांची ईमेल यादी. तिचा पत्ता एकच. त्यावर कोणी पत्र टाकलं की ते दोनशे बारा जणांना जातं. तिसऱ्या मजल्यावरचं दार लागत नाही, असं सकाळी कोणी लिहावं आणि संध्याकाळपर्यंत चार उत्तरं यावीत, त्यातली दोन शिव्यांसकट. अकरा वर्षांची अशी सगळी पत्रं एका जागी साठवलेली होती.

मंडळी नुसते बिघाड लिहीत नसत. आपण केलेल्या चुकाही लिहीत. साहेबाला सांगता येत नाही, घरी सांगून कळत नाही, अशा चुका. वाचणारा प्रत्येक जण कधी ना कधी लिफ्टच्या त्याच अंधाऱ्या खड्ड्यात हातात बॅटरी धरून उभा राहिलेला असे, म्हणून लिहायला लाज वाटत नसे.

जुनी सेवा बंद पडणार म्हणून मास्तरांनी मागच्या महिन्यात सारा पसारा नव्या जागी हलवला. सगळी पत्रं नीट आली का, हे कुठूनही बघता यावं म्हणून त्यांनी तेवढ्यापुरतं दार उघडं ठेवलं. आता लिफ्टवाल्याचं काम म्हणजे दार उघडंच असतं. तो बाहेर पाटी टांगतो आणि आत शिरतो. मास्तरांनीही पानाच्या वर ठळक अक्षरांत पाटी लावली, 'काम चालू आहे. आत येऊ नये.' आणि दुसऱ्याच दिवशी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात जाऊन पडले. एकोणीस दिवस. पाटी दिसली की माणूस पाऊल मागे घेतो, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा अनुभव होता. पण इंटरनेट कोणाची मुरवत ठेवत नाही. शोधयंत्रांनी पाटीसकट सगळं उचलून नेलं. कोणीतरी एका इमारतीचं नाव शोधलं आणि समोर आलं डावऱ्याचं सहा वर्षांपूर्वीचं पत्र.

दार पूर्ण लागल्याशिवाय लिफ्ट हलू नये म्हणून तिला एक कुलूप असतं. तपासणीसाठी डावऱ्याने त्या कुलपाला वळसा घालणारी तार जोडली होती आणि निघताना ती काढायची विसरला होता. रात्रभर ती लिफ्ट उघड्या दारानेही चालू शकली असती. पहाटे आठवलं तसा तो धावत गेला आणि तार काढून पायरीवर बसून रडला. कोणाला काही झालं नव्हतं. 'जोडलेल्या तारा मोजा आणि काढलेल्याही मोजा,' एवढं सांगण्यासाठी त्याने ते लिहिलं होतं. आता ते पत्र त्याच्या कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावर होतं. दुपारी दोनला चौकशी होती.

"आमच्याकडे बरं होतं," बायको म्हणाली. तिची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. "प्लग उपसला की बोलणं बंद. इथे मेलं किती ठिकाणी बंद करायचं?"

"सगळीकडे," मास्तर म्हणाले. "वाच पुढचं."

ती वाचत गेली, ते ठिपके हलवत गेले. जुनी पत्रं फक्त सभासदांना. सभासदांची नावं सभासदांनाही नाहीत, फक्त व्यवस्थापकाला. नवा माणूस अर्ज करील, मास्तर बघतील, मगच आत. शोधयंत्रांना मनाई. जी पानं त्यांनी आधीच नेली होती ती काढून टाका, असे अर्ज एकेका पानासाठी वेगळे भरावे लागत होते. मास्तरांनी ते भरले. पाय सुजला होता, तो त्यांनी स्टुलावर ठेवला. मध्ये उठले नाहीत.

"आता स्वयंपाकघरात जा आणि तुझ्या फोनवरून उघडून बघ. परकी बाई समज स्वतःला."

आतून आवाज आला, "मला दिसतंय अजून!"

"पान नव्याने उघड."

"हं. आता म्हणतंय, तुम्हाला परवानगी नाही. चाळीस वर्षांच्या संसारात हे ऐकायचं राहिलं होतं."

मास्तरांना हसू आलं नाही. त्यांनी तिला आणखी दोनदा बघायला लावलं. लिफ्ट दुरुस्त झाली की ती प्रत्येक मजल्यावरून बोलावून बघायची असते, एका मजल्यावर समाधान मानायचं नसतं.

अकराला सुरक्षा अधिकाऱ्याचा फोन आला.

"मास्तर, पान बंद केलंत वाटतं?"

"केलं. आधीच करायला हवं होतं."

"मी एकच पत्र वाचलं होतं. आमच्याकडचे आणखी किती जण आहेत तुमच्यात?"

"ते मला सांगता येणार नाही, साहेब."

"हे बघा, मी काही त्या माणसाच्या वाईटावर नाही. मला आत घ्या, नुसतं वाचायला. यादीनं सहकार्य केलं असं वर सांगता येईल आणि त्याला ताकीद देऊन सोडता येईल. नाहीतर माझ्या हातात काही राहत नाही. दोनच्या आत कळवा."

मास्तरांनी फोन ठेवला. समोर 'सभासद जोडा' ही चौकट उघडीच होती. त्यांनी साहेबाचा पत्ता टाइप करायला घेतला. निम्मा झाला आणि बोट थांबलं.

"काय करू गं? माझ्या चुकीनं त्याची नोकरी चाललीय."

बायको खुर्ची ओढून शेजारी बसली. "तीस वर्षं लोकांची भांडणं, दुखणी, मरणं माझ्या कानावरून गेली. एक शब्द घरी आणला नाही, तुम्हालासुद्धा सांगितला नाही. पण हे मी कसं सांगू? ज्याच्या जिवावर बेतलंय त्यालाच विचारा."

मास्तरांनी डावऱ्याला फोन लावला. साहेबाचं म्हणणं आडपडदा न ठेवता सांगितलं. "आणि तुझं पत्र हवं तर आत्ता काढून टाकतो. तू फक्त हो म्हण."

डावऱ्याने उलट विचारलं.

"मास्तर, माझ्या पत्रानंतर किती जणांनी आपापलं लिहिलं होतं?"

"सतरा."

"त्यातले पाच आमच्याच कंपनीतले. साहेब आत आला की मी सुटेन आणि ते पाच रांगेत उभे राहतील. नको. चूक माझी आहे, ती माझ्यापाशी राहू द्या."

"दार मी उघडं टाकलं रे. चूक माझी आहे."

"तुमची वेगळी, माझी वेगळी. दोन्हींची मोळी बांधू नका," डावऱ्या म्हणाला. "आणि पत्र काढू नका. नवीन माणसाला तारा मोजायच्या कशाला, ते त्यातूनच कळतं."

मास्तरांनी निम्मा लिहिलेला पत्ता खोडला आणि साहेबाला एका ओळीत नकार कळवला. मग यादीवर पत्र लिहायला बसले. दार कोणी उघडं ठेवलं, का ठेवलं, किती दिवस, हे सगळं लिहिलं. ज्याला आपली पत्रं काढून हवीत त्याने सांगावं, कारण विचारलं जाणार नाही. यादी सांभाळायला दुसरा माणूस हवा असेल तर तेही सांगावं. दवाखान्याचा उल्लेख आला होता, तो त्यांनी नंतर पुसून टाकला. साडेबाराला पत्र गेलं. तिघांनी आपली पत्रं काढायला सांगितली, ती काढली. एकाने जन्मभर पुरेल इतकं सुनावलं. ते सगळं मास्तरांनी दोनदा वाचलं.

चार वाजता डावऱ्या दारात उभा राहिला. अंगात गणवेश नव्हता, घरचा चौकटीचा शर्ट होता.

"काढलं," तो म्हणाला. "हत्यारं, गणवेश, ओळखपत्र, सगळं जमा केलं. खाली उतरेपर्यंत ईमेलसुद्धा बंद."

मास्तरांना माफी मागायची होती. त्यांनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली. बायकोने पाणी आणलं, ते डावऱ्याने उभ्यानेच प्यायलं.

"बसा ना भाऊजी."

"बसतो वहिनी. मास्तर, तुमचं पत्र वाचलं मी दुपारी, ईमेल बंद व्हायच्या आधी. लांबलंय थोडं."

"तुझा नवा पत्ता दे. मी जोडतो तुला आत."

"नको. सगळे अर्ज करतात, मीही करतो."

त्याने फोन काढला, मांडीवर धरला आणि डाव्या हाताच्या एका बोटाने नाव, पत्ता भरला. खालच्या ओळीशी तो थांबला. मास्तरांनी वाकून पाहिलं. ती ओळ त्यांनी सकाळीच सक्तीची केली होती, बाहेरचा माणूस घुसू नये म्हणून. 'सध्या कुठे कामावर आहात?' रिकामी ठेवली की अर्ज पुढे जात नव्हता.

मास्तर पडद्याकडे वळले. "थांब. सक्ती काढतो. एक मिनिट लागेल."

"राहू द्या. नाहीतर उद्या कोणीही येऊन बसेल." डावऱ्याने फोन जरा दूर धरला आणि सावकाश लिहिलं, 'बत्तीस वर्षं लिफ्टवर होतो. आज दुपारपासून घरी.'

अर्ज गेला. टेबलावरच्या पडद्यावर तो लगेच आला, मंजूर आणि नामंजूर अशा दोन बटणांसह. मास्तरांनी आधी त्याचा कंपनीचा बंद पडलेला पत्ता यादीतून काढला, मग मंजूरचं बटण दाबलं. वर कोपऱ्यात सभासदांचा आकडा क्षणभर दोनशे अकरा दिसला, आणि पुन्हा दोनशे बारा झाला.