पेसाहचं पातेलं

सत्यजीतचा मला रागच येतो, हे आधीच सांगून टाकते. कॉलेजपासूनचा मित्र असला म्हणून काय झालं? आयटीतली नोकरी सोडली आणि नेरे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी बिअरचा कारखाना काढला. नाव काय, तर 'गावभट्टी'. गावातल्या माणसाला कामाशिवाय गेटच्या आत उभं करत नाहीत आणि म्हणे गावभट्टी!

त्या रविवारी मी तिथे बिअर प्यायला गेले नव्हते. माझं पातेलं आणायला गेले होते. माझं कसलं, आईचं. तांब्याचं, दोन कड्यांचं, दोघांनी धरलं तरच उचलता येईल असं. वर्षातून एकदाच माळ्यावरून खाली येतं, पेसाहच्या आधी. पेसाह म्हणजे आम्हा ज्यू लोकांचा आठ दिवसांचा सण. त्या दिवसांत आंबलेलं धान्य घरात चालत नाही. पाव नाही, बिस्किट नाही, आणि त्या सणाची भांडीही वेगळी, बाकीचं वर्षभर त्यांना धान्य लागू द्यायचं नाही. त्या पातेल्यात आई काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून सरबत करते. सणाच्या रात्री आम्ही तेच पितो. पनवेलमध्ये आता आमचं सोडून आमच्या समाजाची घरं उरलीत सात. सातही घरांतली माणसं बाटल्या घेऊन आईकडे येतात. सण बुधवारी होता. सोमवारी सकाळी आई म्हणणार, नाओमी, पातेलं काढ खाली.

आणि पातेलं माळ्यावर नव्हतं, कारण जानेवारीत मीच ते सत्यजीतला दिलं होतं. आई मावशीकडे ठाण्याला गेलेली, तेव्हा. "काउंटरवर ठेवतो गं, त्यात सुकी फुलं घालतो, काय व्हिंटेज दिसेल!" असं तो म्हणाला आणि मी विरघळले. आपली वस्तू कुणाला तरी भारी वाटतेय म्हटल्यावर माणूस येडा होतो, दुसरं काय.

आभा आणि सुशांत मला खांदा कॉलनीतून गाडीत घेऊन निघाले. हे दोघं नवरा-बायको, तेही कॉलेजचेच. रस्ताभर आभाचं सुरू, "नाओमी, आज तरी तोंड सरळ ठेव हां." मी खिडकीबाहेर बघत बसले. हिच्या तोंडी कोण लागणार!

गेटवरच सत्यजीत. दाढी वाढवलेली, अंगात खादी, पायात कोल्हापुरी. मिठी मारायला आला तर मी पर्स मध्ये धरली.

"पातेलं कुठाय?"

"अगं, पाणी तरी पी! आधी टूर, मग पातेलं."

मग टूर. ही टाकी, तो पाइप, हे जव. टाकीपाशी काशिराम उभा होता, तिथल्याच गावचा, साठीचा माणूस. सगळं काम तो करतो आणि सगळं बोलतो सत्यजीत. सुशांत उगाच टाकी ठोकून बघत होता, जणू विकतच घेणार आहे. शेवटी आम्हाला अंगणात बाकड्यावर बसवलं आणि चार ग्लास आले. ऊन रणरणतं होतं, घशाला कोरड पडली होती. मी अर्धा ग्लास एका दमात संपवला. खोटं कशाला बोलू, चांगली होती.

"कशीय?" सत्यजीत.

"बरीय," मी म्हटलं. माझ्या तोंडून बरी म्हणजे फारच झालं.

त्याने टाळी वाजवली. "बघा! ही कुठली बॅच आहे माहितीय? काकूंच्या पातेल्यातली! पाहुण्यांसमोर जव शिजवून दाखवतो आम्ही, दर रविवारी. लोक वेडे होतात. तांब्याचं भांडं, लाकडाचा जाळ, फोटोच फोटो!"

माझ्या हातातला ग्लास मी बाकड्यावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. आभाच्या कुर्त्यावर बिअर उडाली.

"जव? त्या पातेल्यात तू जव शिजवलेस?"

"मग काय झालं? घाबरू नकोस, कालच कल्हई लावून घेतलीय. काशिराम, आणा हो ते!"

काशिराम आणि आणखी एकाने पातेलं आणलं. आतून लख्ख. आमच्याकडे होतं त्याहून कितीतरी चकचकीत. ते बघून माझं डोकंच फिरलं.

"अरे नालायका, ठेवायला दिलं होतं ना रे तुला? फुलं घालणार होतास ना?"

"नाओमी, चिल," आभा कुर्ता पुसत म्हणाली. "पातेलंच तर आहे."

"तू गप गं! तुझ्या घरच्या देव्हाऱ्यातलं ताम्हन घेऊन मी त्यात मटण शिजवलं तर चालेल तुला?"

आभा लालबुंद झाली. सुशांत उठून उभा राहिला, "भाषा सांभाळ हां नाओमी," म्हणाला. शेजारच्या बाकड्यांवरची माणसं माना वळवून बघू लागली. बघू देत. मी सत्यजीतला जे जे सुचलं ते सगळं ऐकवलं. गावाचं नाव लावून गावाला बाहेर ठेवतोस, दुसऱ्यांच्या वस्तूंवर मिरवतोस, कॉलेजातही माझी जर्नल्स उतरवून मार्क मिळवलेस. त्याचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं.

मग तोही तापला. "मला काय स्वप्न पडणार होतं? तू म्हणालीस, आईला तिच्या वस्तू कुणी वापरलेल्या आवडत नाहीत, जपून ठेव. एवढंच म्हणालीस! सणाचं आहे, देवाचं आहे, एक शब्द तरी बोललीस?"



तो बाजूला बसला, आवाज खाली आणला. "हे बघ. कल्हई नवी आहे. धुऊन, पुसून गाडीत टाकतो. गुपचूप माळ्यावर ठेव. काकूंना कळणार कसं? कुणालाच कळणार नाही."

आणि खरं सांगते, क्षणभर मला ते पटलं. उद्या पातेलं खाली येईल, मनुका भिजतील, सात घरांच्या बाटल्या भरतील. आई थकलीय, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिला कशाला त्रास? मी "ठीक आहे" म्हणणारच होते.

तेवढ्यात काशिराम म्हणाला, "ताय, मी यांना इचारलेलं, कोनाच्या घरचा हाय, कशाचा हाय. आमी बी देवाची भांडी वेगली ठेवतो. हे बोलले, तसा काय नाय." आणि तो पातेल्याची कडी सोडून आत निघून गेला.

 मी फोन काढला आणि आईला लावला. तिथेच, सगळ्यांसमोर, कारण बाजूला जाऊन लावला असता तर मी नक्की खोटं बोलले असते.

सगळं सांगितलं. सांगता सांगता पुन्हा सत्यजीतवर घसरले. हा असा, हा तसा, याने फसवलं. आई ऐकत राहिली.

"पातेलं त्याने चोरलं का?" तिने विचारलं.

"नाही. मी दिलं."

"कसलं आहे ते सांगितलंस त्याला?"

"नाही."

"का गं?"

काय सांगणार? कॉलेजच्या पहिल्या वर्षी याच तिघांनी विचारलं होतं, तुम्ही ख्रिश्चन का? नाही म्हटलं तर, मग मुसलमान? तेव्हापासून मी समजावणं सोडून दिलं. कुठे सण, कुठे धान्य, कुठे भांडी सांगत बसायचं, सगळे डोळे विस्फारून बघणार. वीस वर्षं या लोकांबरोबर उठले-बसले आणि माझ्या घरात काय चालतं ते यांना कधी कळूच दिलं नाही.

"लाज वाटली?" आई म्हणाली.

  त्या तिघांनाही फोनमधलं ऐकू येत होतं, आईचा आवाज मोठाच आहे.

"सरबत मी नव्या टोपात करीन," आई म्हणाली. "पातेल्याचं काय करायचं ते समाजातली मोठी माणसं सांगतील. त्या मुलावर ओरडू नकोस, त्याला काही माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. बुधवारी सगळे बाटल्या घेऊन येतील ना, तेव्हा दारात तू उभी राहा. पातेलं कुठे गेलं म्हणून विचारतील. सातही घरांना तू सांग, मी नाही सांगणार."

आणि तिने फोन ठेवला.